काम मागायचं नाही, मग यायचं कुठून?



दिवाळी झाली, निर्वाण लाडू चढवून झाला, वीर निर्वाण संवत २५५२ ची नवी वही पुजून झाली. आता जरा निवांत बसले आहे, म्हणून दोन महिन्यांपासून डोक्यात घोळत असलेला विषय आज लिहायला घेतला. विषय स्वयंपाकघरातला नाही, पण आमच्याकडे त्यावर सगळ्यात जास्त बोलणं स्वयंपाकघरातच झालं.

दशलक्षण पर्वातली गोष्ट. उत्तम शौच धर्माचा दिवस होता. मंदिरात शास्त्रवाचन संपलं आणि चपला शोधता शोधता एका काकूंनी मला विचारलं, "सूनबाईचं ऑफिस चालतंय का गं? पाटी तर एवढीशीच लावलीय. चौकात एक चांगला मोठा फ्लेक्स लाव म्हणावं तिला. वाढदिवसाचे लागतात, क्लासवाल्यांचे लागतात, मग हिचाच का नको?"

मला हसू आलं. नुकतंच आम्ही तासभर लोभ सोडण्यावर ऐकलं होतं आणि बाहेर आल्याबरोबर फ्लेक्सची गोष्ट! पण काकूंचा प्रश्न खोटा नव्हता. आमची सूनबाई सीए आहे. सोलापुरात आर्टिकलशिप केली, परीक्षा पास झाली, लग्न होऊन इथे आली आणि २०२२ च्या दसऱ्याला तिने एका खोलीत ऑफिस सुरू केलं. तेव्हा पाटीवर गावाचं नाव 'उस्मानाबाद' होतं. पुढच्याच वर्षी ते 'धाराशिव' झालं, म्हणून पाटी पुन्हा रंगवावी लागली. तिच्या ऑफिसची आजवरची जाहिरात काय ती एवढीच!

कारण तिला हवी तशी जाहिरात करता येत नाही. हे आपल्यापैकी पुष्कळ जणींना माहीत नसतं, मलाही नव्हतं. सनदी लेखापालांचा कायदा १९४९ चा आहे. त्याच्या पहिल्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की पत्रक काढून, जाहिरात देऊन किंवा कुणाला भेटून, बोलून सीएने काम मागायचं नाही. स्वतःच्या हुशारीची जाहिरात करायची नाही. काम आणून देणाऱ्या बाहेरच्या माणसाला कमिशन द्यायचं नाही. मागेल त्याला माहिती मिळेल अशी साधी वेबसाइट चालते. वकिलांनाही बार कौन्सिलचा असाच नियम आहे. डॉक्टरांना २००२ च्या नियमांप्रमाणे दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस बाहेरगावी जाणार, परत आलो, अशा मोजक्याच गोष्टी वर्तमानपत्रात देता येतात.

मी हे घरी जेवताना सांगितलं तेव्हा आमच्या ह्यांना पटलं नाही. आमचं भुसार मालाचं दुकान. ह्यांचं म्हणणं, "दुकान उघडायचं आणि ये म्हणायचं नाही? मग गिऱ्हाईक काय स्वप्नात येणार आहे?"

यावर सूनबाई जे बोलली ते मला अजून आठवतं. "बाबा, तुमच्या दुकानात माणूस तूरडाळ हातात घेतो, दाताखाली धरून बघतो, मग घेतो. माझ्या ऑफिसात तो काय दाताखाली धरणार? मी भरलेलं रिटर्न बरोबर होतं की चूक, हे त्याला कळतं तीन वर्षांनी, नोटीस आल्यावर. ज्या मालाची पारख घेणाऱ्याला करता येत नाही, तो ओरडून विकला की ज्याचा आवाज मोठा त्याचा माल खपतो. मग चांगल्या मालाचं काय होणार?"

हे काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली. आमच्याकडे पटल्याची खूण तीच!

मैत्रिणींनो, माझं मत मी आधीच सांगून टाकते. न मागता काम यावं हा नियम मला चांगला वाटतो, व्रतासारखा वाटतो. पण कुठल्याही व्रताचं पारणं कुणाच्या तरी घरी सोय असेल तरच नीट होतं. ज्याच्या घरी सोय नाही, त्याच्यासाठी हाच नियम उपासमार होऊ शकतो. म्हणून या नियमाचं ओझं एकट्या त्या मुलीवर नाही, तिला ओळखणाऱ्या आपल्या सगळ्यांवर आहे. हे कसं, ते आता सांगते.

आधी न मागता काम येतं तरी कुठून, ते बघू. तीन वर्षं मी घरातून बघते आहे.

पहिल्याच वर्षी एक माणूस आला. कर्जाच्या फायली करून देण्याचा त्याचा धंदा. म्हणाला, "ताई, महिन्याला दहा फायली पाठवतो. फीमधले वीस टक्के माझे." त्या वेळी ऑफिसचं भाडंही आमच्या दुकानातून जात होतं. सूनबाईने नाही म्हटलं. नियम आहे हे खरंच, पण तिने मला नंतर जे सांगितलं ते जास्त महत्त्वाचं. ती म्हणाली, "आई, तो दहा फायली पाठवणार, मग त्यातल्या एका फायलीत आकडा फुगवायला सांगणार. तेव्हा मला नाही म्हणता येणार नाही, कारण उरलेल्या नऊ त्याच्या हातात असतील." मागून किंवा विकत आणलेलं काम आपल्या अटी बरोबर घेऊन येतं. विश्वासाने आलेल्या कामाला नाही म्हणायची मोकळीक राहते.

दुसरी गोष्ट. एक आडतदार दुसऱ्या सीएंना सोडून तिच्याकडे यायचं म्हणत होते. आम्हाला घरात आनंद झाला, मोठं काम होतं. पण सूनबाईने आधी त्या जुन्या सीएंना पत्र लिहिलं, की अमुक यांचं ऑडिट माझ्याकडे येत आहे, आपली काही हरकत असेल तर कळवावी. आधीच्या ऑडिटरला लेखी कळवल्याशिवाय त्याचं काम हाती घ्यायचं नाही, असाही नियमच आहे त्यांच्यात. त्यांचं उत्तर आलं, की दोन वर्षांची फी बाकी आहे. तिने आडतदारांना सांगितलं, "दादा, आधी ती देऊन या, मग बसू." ते फणफणले, पण देऊन आले. त्यानंतर त्या ज्येष्ठ सीएंचा फोन आला. आता वयामुळे त्यांना लहान गावांच्या चकरा होत नाहीत, तर कळंबकडची काही कामं त्यांनी आपणहून तिच्याकडे पाठवली. आपल्याला वाटतं एका गावात दोन ऑफिसं म्हणजे दोन शत्रू. पण ज्याच्या ताटातलं आपण हिसकावून घेत नाही, तोच कधीतरी आपल्याला वाढतो.

तिसरी गोष्ट शेतकरी उत्पादक कंपन्यांची. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन, तूर, हरभरा करणाऱ्या शेतकऱ्यांनी मिळून अशा कंपन्या काढल्या आहेत. काही बायकांच्याही आहेत. कंपनी म्हटली की दरवर्षी ऑडिट आलं, सभा आली, कागद आले. त्या कंपनीतल्या बायका बचत गटातून आलेल्या. वही स्वच्छ लिहितात, पण कंपनी कायद्याचं नाव काढलं की घाबरतात. मोठ्या ऑफिसांना हे काम परवडत नव्हतं, फी थोडी आणि समजावून सांगायला वेळ फार. सूनबाईने बसून त्या कायद्यातला उत्पादक कंपन्यांचा भाग नीट वाचून काढला. वाशी तालुक्यातल्या एका कंपनीत जमिनीवर सतरंजीवर बसून तिने चार तास कागद समजावले. सूर्यास्ताआधी जेवायचा आमचा नेम, म्हणून डबा बरोबर दिला होता. तर त्या बायकांनी तिला साडेपाचलाच ताट वाढलं. कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं, "त्या जैनाच्या हायेत, दिवे लागायच्या आत जेवतात." तिथून पुढे एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला. आज तिच्या ऑफिसात अशा कंपन्यांचं काम सगळ्यात जास्त आहे, आणि ते मिळवायला तिला कुठे फ्लेक्स लावावा लागला नाही.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. आपलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात तगरचं नाव येतं. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरापर्यंत जायचं आणि तिथून समुद्रापार. इथल्या विणकराला भडोचचा व्यापारी कधी भेटलाही नसेल. मला वाटतं, गाडीत कापडाच्या गठ्ठ्याबरोबर त्याचं नावही जात असणार. एक गठ्ठा फसवा निघाला तर पुढच्या वेळी गाडी दुसऱ्याच्या दारात थांबली असती.

आता न मिळालेल्या कामांबद्दल लिहायला हवं, नाहीतर हा लेख निव्वळ सुनेचं कौतुक होईल!

आमच्या नात्यातले एक शिक्षक तिच्याकडे रिटर्न भरायचे. त्यांना आठ हजार परतावा निघत होता. एक दिवस आले आणि म्हणाले, "आमच्या शाळेतल्या सगळ्यांना पन्नास-साठ हजार मिळतात. एकजण काढून देतो, मिळेल त्यावर टक्के घेतो. तुला काही जमत नाही असं दिसतंय." सूनबाईने विचारलं, "काका, तुम्ही घरभाडं देता का? राजकीय पक्षाला देणगी दिलीय का? शिक्षणाचं कर्ज आहे का?" यातलं काहीच नव्हतं. मग साठ हजार कुठून येणार? ते रुसून गेले. नात्यातले असल्यामुळे पुढच्या लग्नात आमच्याशी धड बोललेही नाहीत.

नंतर या वर्षी जुलैमध्ये काय झालं, हे तुम्ही वाचलं असेल. खोट्या वजावटी दाखवून परतावे काढून देणाऱ्यांवर आयकर विभागाने १४ जुलैला देशभर झडत्या घातल्या. विभागाने असंही सांगितलं, की आधीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार करदात्यांनी आपली रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते. काकांनाही विभागाचा मेसेज आला आणि ते पुन्हा आमच्या दारात आले. सूनबाईने त्यांचं रिटर्न दुरुस्त करून दिलं. कर, व्याज सगळं भरावं लागलं. ती त्यांना एका शब्दाने टोचून बोलली नाही, आणि मला या सगळ्यात सगळ्यात अवघड हेच वाटतं. मी असते तर बोलले असते!

इथे एक बारीक गोष्ट सांगते. परतावा किती मिळेल त्यावर टक्के अशी फी सीएला घेताच येत नाही. का ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझी फी तुमच्या परताव्यावर वाढणार असेल, तर तुमचा परतावा खरा असण्यापेक्षा मोठा असणं मला हवंसं वाटू लागतं. लोभ आत शिरायला एवढी फट पुरते.

आपल्या अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आले आहेत. चोराला प्रवृत्त करणं, चोरीचा माल घेणं, राज्याच्या नियमाविरुद्ध वागणं, वजनमापात कमीजास्त करणं आणि अस्सलात नक्कल मिसळणं. लहानपणी पाठशाळेत आम्ही हे घोकलं, पण तेव्हा वाटायचं की हे तागडीवाल्यांसाठी आहे. आता वाटतं, खोटं बिल म्हणजे नक्कलच, फुगवलेला परतावा म्हणजे वजनातली खोटच, आणि तो काढून देणारा माणूस पहिल्या अतिचारात बसतो. पंडित आशाधरांनी 'सागारधर्मामृता'त श्रावकाची लक्षणं सांगताना न्यायाने मिळवलेलं धन पहिल्यांदा घेतलं आहे. हेमचंद्राचार्यांनीही 'योगशास्त्रा'त तेच आधी घेतलं. देव, गुरू, दान हे सगळं नंतर येतं. आधी पैसा कुठून आला ते सांगा.

हे लिहायला सोपं आहे. करताना कसं होतं, त्याचं सप्टेंबरमधलं उदाहरण देते. महिन्याच्या उत्तरार्धात भूम-परंडा भागात पाण्याने काय केलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. कुणाची जनावरं गेली, कुणाची जमीन खरवडून गेली. सूनबाईच्या एका गिऱ्हाइकाचं तिकडे सिमेंटचं दुकान आहे. दुकानात कमरेएवढं पाणी. दोनशे पोती भिजून दगड झाली. कुंथलगिरीला दर्शनाला निघालो होतो, तेव्हा वाटेत आम्ही त्यांच्याकडे थांबलो. गोदामात ती पोती बघून मला रडू आलं.

आणि तिथेच उभं राहून सूनबाईला त्यांना एक कडू गोष्ट सांगावी लागली. जीएसटीत असा नियम आहे, की माल नष्ट झाला तर तो घेताना भरलेल्या कराचं जे क्रेडिट घेतलं, ते परत करावं लागतं. माल पुरात गेला तरीही. पोत्याला तीनशे रुपये धरले तर दोनशे पोत्यांचे साठ हजार. ही खरेदी २२ सप्टेंबरला सिमेंटचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला त्याच्या आधीची. म्हणजे साठ हजारांवर २८ टक्क्यांनी सोळा हजार आठशे रुपये. आधीच बुडालेल्या माणसाला सांगायचं, की एवढे आणखी भर.

ते म्हणाले, "ताई, ती पोती होती की नव्हती, हे आता कोण मोजायला येणार आहे? दुसरे एकजण म्हणाले, गप्प बसा." सूनबाई म्हणाली, "दादा, तुम्ही विम्याचा दावा लावलाय. विमा कंपनीला म्हणणार दोनशे पोती भिजली आणि जीएसटीला म्हणणार एकही नाही. हे दोन कागद कधी एका टेबलावर आले तर?" मग तिने त्यांची पॉलिसी काढून बघितली, परत करावा लागणारा कर नुकसानीत धरता येतो का ते तपासलं, खरेदीची बिलं लावली, फोटो काढायला सांगितले. पुराच्या कामाची फी घेतली नाही. दादा तेव्हा तिच्याशी नीट बोललेही नाहीत. दावा अजून मंजूर झालेला नाही. ते तिच्याकडे राहतील की त्या गप्प बसा म्हणणाऱ्याकडे जातील, मला माहीत नाही. गोष्ट इथेच आहे, पुढचं कळलं की सांगीन.

आता मी सुरुवातीला म्हटलं त्याकडे येते. आमच्या घरात भांडण झालं ते यावरूनच.

सूनबाईचं काम गुणावर वाढलं हे मी वर लिहिलं, पण ते पूर्ण खरं नाही. पहिल्या वर्षी तिच्याकडे पंधरा गिऱ्हाइकं होती. मी मुद्दाम मोजलं, तर त्यातली अकरा आमच्या ओळखीची. ह्यांचे बाजारातले मित्र, माझ्या माहेरची माणसं, मंदिरातली कुटुंबं. पाटी छोटी होती, पण आडनाव गावाला माहीत होतं. तिला काम मागावं लागलं नाही, कारण आम्ही सगळे न बोलता तिच्यासाठी मागत होतो.

तिच्याबरोबर आर्टिकलशिप केलेली एक मुलगी आहे. कोरडवाहू शेतकऱ्याची लेक, खेड्यातून आलेली. तीच परीक्षा, तीच मेहनत, उलट गुण हिच्यापेक्षा जास्त. तिनेही याच गावात ऑफिस टाकलं. तिचा बाजारात काका नाही, मंडळात मावशी नाही, मंदिरात ओळख नाही. तिलाही हाच नियम, की काम मागायचं नाही. दोघींना नियम एक, पण एकीसाठी ते व्रत आणि दुसरीसाठी उपास. पहिलं दीड वर्ष तिने दुसऱ्याच्या ऑफिसात पगारावर काम करून स्वतःच्या खोलीचं भाडं भरलं.

अमेरिकेत वकिलांना जाहिरात करायला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये मोकळीक दिली. आपल्याकडेही मोठ्या भारतीय फर्म उभ्या राहाव्यात म्हणून कंपनी व्यवहार मंत्रालयाने याच सप्टेंबरमध्ये सूचना मागवल्या आणि त्यात जाहिरातबंदी ही एक अडचण म्हणून मांडली. मोठ्यांचं मोठं. पण माझ्या मनात येतं, उद्या बंदी उठली तर चौकातला सगळ्यात मोठा फ्लेक्स कुणाचा लागेल? त्या मुलीचा नाही लागणार. ज्याच्याकडे फ्लेक्सला पैसे आहेत त्याचाच लागेल. कोण कुठलं काम करतं, फी किती घेतं, ही साधी माहिती सगळ्यांना सहज मिळावी एवढं मला नक्की वाटतं. त्यापलीकडचा आरडाओरडा तिच्या उपयोगाचा नाही. तिला हवा आहे तिच्याबद्दल एक शब्द टाकणारा माणूस. आणि तो माणूस आपण होऊ शकतो.

या वर्षी आमच्या मंदिराच्या ट्रस्टचं ऑडिट कुणाला द्यायचं हा प्रश्न आला. सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्याप्रमाणे हिशेब दरवर्षी तपासून घ्यावे लागतात. आमचे हे विश्वस्त. ह्यांना वाटलं, घरात सीए असताना बाहेर कशाला? बाकीच्या विश्वस्तांनाही ते सोयीचं होतं. सूनबाईने सरळ नकार दिला. म्हणाली, "बाबा, ऑडिटरचं काम चुका लिहायचं. तुम्ही सही केलेल्या हिशेबात चूक निघाली तर मी ती लिहायची का? आणि नाही निघाली तरी लोक म्हणणारच, सासऱ्याचा हिशेब सुनेने पास केला." ह्यांना राग आला. "म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही?" म्हणाले. चार दिवस घरात चमच्यांचाच काय तो आवाज.

पाचव्या दिवशी मी बोलले. एरवी मी या कामात बोलत नाही. म्हटलं, "विश्वास आहे म्हणूनच बाहेरच्याला दाखवायला भ्यायचं कारण नाही. आणि बाहेरचाच आणायचा तर त्या मुलीला का नको?" ह्यांनी विचारलं, "ती आपल्यातली कुठंय?" मी म्हटलं, "हिशेब तपासायचाय, सोयरीक नाही जुळवायची."

तिला काम मिळालं. फी थोडीच आहे. तिने पहिल्याच वर्षी दोन पावत्यांचा मेळ लागत नाही म्हणून लिहून दिलं, आणि हे संध्याकाळभर जुन्या पिशव्या उपसत बसले. पावत्या सापडल्या. ह्यांना हे सगळं पटलंय असं मी म्हणणार नाही. पण परवा दुकानात कुणीतरी चांगला सीए विचारला, तेव्हा ह्यांनी सुनेच्या नावाबरोबर त्या मुलीचंही नाव घेतलं. मी आतून ऐकत होते.

तर मैत्रिणींनो, तुमच्या घरात कुणी लेक, सून, भाची सीए, वकील, डॉक्टर होऊन नवी पाटी लावत असेल तर तिला माझ्या अनुभवाचं एवढंच सांगा. फी आधी सांग आणि लिहून दे. आलेल्या माणसाचे मूळ कागद मागितल्या दिवशी परत कर. फोन घेता आला नाही तर संध्याकाळी आपणहून कर. गावात जे काम कुणी करत नाही ते शिकून घे. जुन्याचं काम घेताना जुन्याला कळव. जिथे नाही म्हणायचं तिथे पहिल्याच दिवशी म्हण, कारण दुसऱ्या दिवशी ते दुप्पट अवघड होतं. महिला मंडळात कुणी कर किंवा मृत्युपत्राबद्दल बोलायला बोलावलं तर जा, बोल आणि स्वतःचं कार्ड न वाटता परत ये. आणि कितीही मुदत जवळ आली तरी वेळेवर जेव! या सप्टेंबरमध्ये रिटर्नची मुदत पंधरा तारखेची होती, आणि पर्वाचे दिवस संपून जेमतेम आठवडा झालेला. आमच्या सुनेचा डबा रोज पाचलाच ऑफिसात पोचत होता. ही जबाबदारी सासूची.

आणि ज्यांच्या घरी अशी पाटी नाही, त्यांना माझं वेगळं सांगणं आहे. तुम्हाला कधी कुणी विचारलं, की चांगला वकील कोण, हिशेब कोण बघतं, तर तोंडात पहिलं नाव नात्यातलं येतं. ते घ्या, त्यात पाप नाही. पण एक श्वास थांबून दुसरं नावही घ्या, जिचं काम तुम्ही स्वतः पाहिलं आहे आणि जिचं या गावात कुणी नाही. जाहिरात करायची बंदी तिला आहे, तुम्हाला आणि मला नाही.

त्या काकूंना मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही. आता अष्टमीला मंदिरात भेटतील तेव्हा सांगणार आहे, "काकू, फ्लेक्स राहू द्या. तुमच्या भावाच्या दुकानाचा हिशेब कोण बघतं हो? एक मुलगी आहे..."

लिहिण्यात कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र!